खोकडीचा डबा

साईनगर, अमरावती
१२ जुलै २०२५

रुख्मिणी,

'प्रिय' लिहिलेलं नाही, आणि ते विसरून नव्हे. फोन तू उचलत नाहीस. आता तर माझा नंबरच ब्लॉक केलास, असं माझी सून आरती सांगते. बरं केलंस. पोस्टमनला ब्लॉक करायचं बटण अजून निघालेलं नाही, म्हणून हे पत्र.

बातमी आधी सांगते, कारण तू पुढचं वाचशील याचा भरवसा नाही. माझा कोल्हा शेवटच्या पाचांत आला! अख्ख्या महाराष्ट्रातून लोकांनी कोल्हे पाठवले होते. त्यातून पाच निवडले, त्यातला एक तुझ्या बहिणीचा.

आता कुठला कोल्हा, असं तू विचारणार नाहीस. तुला तो चांगला माहीत आहे. मे महिन्यात तुझ्या अमोलच्या साक्षगंधात मी मांडवाच्या कोपऱ्यात फोन धरून उभी होते, ती फोनवरच्या याच खेळातला कोल्हा पकडायला. लगेच धरला नाही तर दोन मिनिटांत हातातून निसटतो तो. तू माझ्या हातातून फोन घेतलास, नव्या व्याह्यांसमोर वर धरलास आणि म्हणालीस, "पाहा हो विहीणबाई, आमची ताई! मास्तरीण होती, रिटायर झाली, अन् आता कोल्हे धरून राहिली!" आणि हसलीस. तू हसलीस की मांडवातले सगळे हसतात, हे तुला ठाऊक असतं. मी जेवले नाही, निघून आले. पंगतीतून उपाशी उठून गेली म्हणून तुझा राग. माझा राग का, ते वर लिहिलंच आहे.

तर आता ऐक, मी काय धरत होते ते. खेळाचं नाव 'नऊ शेपट्या'. फोन समोर धरून हिंडलं की अंगणात, रस्त्यात, कुठेही पडद्यावर कोल्हा उभा दिसतो, तो धरायचा. खेळ पुण्याच्या एका कंपनीने काढलेला, पण त्यातले कोल्हे जपानी गोष्टींमधले. तिकडे म्हणे कोल्हा जसजसा म्हातारा होतो, तसतशा त्याला शेपट्या फुटतात. नऊ झाल्या की तो देवाच्या पंक्तीला बसतो. डोक्यावर पान ठेवून उडी मारली की बाई होतो, संसार करतो, पोरंबाळं होतात. नवऱ्याला कळतं कधी, तर लुगड्याखालून शेपटीचं टोक बाहेर राहिलं तेव्हा. म्हातारपणी मान वाढतो, आणि तोही शेपटीने मोजून, हे मला फार आवडलं. आपल्याकडे रिटायर झालेल्या बाईला काय फुटतं? गुडघेदुखी.

कंपनीने स्पर्धा काढली. खेळात नऊ कोल्हे आहेत, दहावा तुम्ही सुचवा. जपानी गोष्टींचा वारसा सांगणारा, पण तुमच्या मुलखातला. बाकीच्यांनी आग ओकणारे कोल्हे पाठवले. एकाने तर अकरा शेपट्यांचा पाठवलाय. मी आपली खोकड पाठवली. भातकुलीच्या शाळेत असताना शेताच्या धुऱ्यावर रोज दिसायची ती. बारीक, राखी रंगाची, शेपटीचं टोक काळं. एकच शेपटी. ती लढत नाही. जपानी कोल्ह्यापाशी एक चमकता गोळा असतो, जीव की प्राण. माझ्या खोकडीपाशी झाकण लावलेला डबा आहे. ती तुमच्या कानापाशी डबा हलवते आणि विचारते, ओळखा काय आहे. ओळखलंत तर तुमच्यासोबत येते. चुकलात तर तुमचीच एक वस्तू उचलून पसार!

डबा कुठून आला, ते तुला सांगायला नको. तिवस्याला आपल्या घरी भुलाबाई बसायची. गाणी झाली की आई झाकलेला डबा हलवायची आणि सगळ्या पोरींनी आतला खाऊ ओळखायचा. तू पहिल्या फटक्यात ओळखायचीस. मला आयुष्यात एकदाही जमलं नाही. शेवटी पोरी तुला खेळायलाच घेईनात.

अमोलचं लग्न दिवाळीनंतर आहे असं कळलं. पत्रिका आली तर बघू.

दुर्गा


साईनगर, अमरावती
३ ऑगस्ट २०२५

रुख्मिणी,

उत्तर नाही. ठीक आहे. मी तीस वर्षं पोरांना शिकवलंय, समोरचा गप्प बसला तरी तास चालू ठेवायची सवय आहे.

एक घोटाळा झालाय आणि तो कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला बरं वाटणार नाही. घरच्यांना सांगून झालं. ते हसले.

कंपनीत शेखर नावाचा तरुण आहे, पाचही कोल्ह्यांचं काम तो बघतो. त्याचा फोन आला, "काकू, डब्याचे आवाज लागतील. सॅम्पल पाठवता का?" मी म्हटलं, का नाही! दोन दिवस खपले. सात डबे केले. फुटाणे, लाह्या, खारे दाणे, खोबऱ्याचे तुकडे, बत्तासे, खारका, आणि सातव्यात उकडलेल्या शेंगा वाळवून. झाकणं दोऱ्याने बांधली आणि कुरिअर केलं. सोबत चिठ्ठी लिहिली, 'खाऊ पाठवला आहे.'

चार दिवसांनी शेखरचा फोन. "काकू, दाणे तर एकदम कडक! सगळ्या ऑफिसला पुरले."

खाल्ला, रुख्मिणी! डबे उघडले आणि खाऊन टाकला. हलवलासुद्धा नाही. मी विचारलं, "अरे, आधी डबा उघडतात का कोणी? तुमच्याकडे भोंडला नसतो का?" तर म्हणतो, "असायचा ना, पण आम्ही मुलं शेवटी फक्त खायला जायचो." आता काय बोलणार? आपल्या मुलखात डबा हातात दिला की चार वर्षांची पोरगीही आधी कानाला लावते. त्यांना सांगावं लागतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. केशवरावांचं म्हणणं, चिठ्ठीत 'खाऊ' लिहिलं आणि त्यांनी खाल्ला, यात त्यांचं काय चुकलं? माझा नवरा कोणाच्या बाजूने आहे, हे मला अडतीस वर्षांत कळलेलं नाही.

आता आवाज आम्हीच घरी टिपून पाठवायचे आहेत. ऑगस्ट संपायच्या आत. नाही पाठवले तर खोकड बाद, आणि तिची जागा त्या अकरा शेपट्यांना.

दुर्गा


साईनगर, अमरावती
१९ ऑगस्ट २०२५

रुखे,

हे पत्र केशवराव स्वतः अकोल्याला घेऊन येतायत. सोबत एक डबा आहे. सहज पाठवलाय. घरात खाऊ केला, वाटलं तुला द्यावा.

खोटं कशाला बोलू? मी अडकलेय.

कंपनीत मियाके नावाच्या एक जपानी बाई सल्लागार आहेत. जुन्या कोल्ह्यांच्या गोष्टी गोळा करणं हेच त्यांचं काम. काल कॉम्प्युटरवर त्यांच्याशी बोलणं झालं, मधे शेखर मराठीत सांगत होता. त्यांनी आमचे सगळे आवाज ऐकले आणि मान हलवली. म्हणाल्या, तुमची खोकड मला फार आवडली, पण हा खेळ खोटा आहे. आमच्या गोष्टीतला कोल्हा कितीही फसवू दे, कुठेतरी शेपटीचं टोक बाहेर राहतंच. नीट बघणाऱ्याला ते दिसतं. तुमच्या डब्यांत सगळं एकसारखं वाजतं. नीट ऐकणारा कशावरून ओळखणार? ज्यात ओळखायची सोयच नाही, ती फसवणूक, तो कोल्हा नव्हे.

मला राग आला, पण बाईंचं खरं आहे. मी इथे आरतीला ऐकवून बघितलं, केशवरावांना बघितलं, शेजारच्या मनकर्णाबाईंना बोलावलं. फुटाण्याला दाणे म्हणतात, दाण्याला खारीक म्हणतात. मलाही येत नाही. मी डबे भरलेत आणि मलाच येत नाही!

तुला मात्र यायचं. काय ऐकायचीस तू? आई म्हणायची हिच्या कानात कोणीतरी बसलंय. मी लहानपणी समजायचे की तू स्वयंपाकघरात डोकावून येतेस. पण तू डोकावत नव्हतीस. मी तुझ्यावर पाळत ठेवली होती.

खोकड बाद झाली तर साक्षगंधातलं ते हसणं खरं ठरेल. म्हातारीला खूळ लागलं होतं, असं म्हणतील आणि विसरून जातील. मला ते सहन होणार नाही. हे तुलाच लिहावं लागतंय, याचाही राग येतोय. पण दुसरं कोणी नाही.

डबा हलव. उघडू नकोस. काय ते केशवरावांना सांग. माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

दुर्गा


साईनगर, अमरावती
२१ ऑगस्ट २०२५

रुखे,

केशवराव रात्री आले. आल्याआल्या म्हणाले, "आधी पाणी दे." मी दिलं नाही. म्हटलं, आधी सांगा.

ते म्हणाले, तू पत्र वाचलंस, घडी घातलीस. डबा तसाच ओट्यावर. भाजी निवडलीस, कुकर लावला. मग हात पुसलेस, डबा उचलून कानाशी नेलास, एकदाच हलवलास आणि थांबलीस. डोळे मिटून. आणि म्हणालीस, "खारे दाणे हायेत. मागच्या वर्षीचे. ताईले सांगा, पाव्हण्याले जुने दाणे पाठवत नसतात."

मागच्या वर्षीचे! बरणीच्या तळाचे होते, ते मी केशवरावांनाही सांगितलं नव्हतं.

त्यांनी तुला विचारलं, कशावरून? आणि तू जे सांगितलंस ते त्यांनी मला तीनदा सांगितलं, कारण मी तीनदा विचारलं. "हलवताना काय आयकता भाऊजी? हलवताना सगळेच बोंबलतात. हलवनं थांबलं का मंग आयका." दाणे जुने झाले की सालं सुटतात. डबा थांबला तरी सालं सळसळत खाली बसतात. फुटाण्यातला एखादा उगीच गडगडत राहतो. लाह्या थांबल्या की थांबल्या. बत्ताशाची भुकटी बारीक सरकते. खोबऱ्याचा तुकडा मागाहून एकदा ठक करतो. आणि डबा पितळी हवा, स्टीलमध्ये कोणाचाच आवाज कोणाचा राहत नाही.

हेच ते शेपटीचं टोक, रुखे! मियाकेबाई मागत होत्या ते हेच. मी आनंदाने ओरडले तर आरती आतून धावत आली, तिला वाटलं मी पडले.

मग पितळी डबा काढला, फुटाणे घातले, आवाज टिपला. पुन्हा तेच! हलवण्याचा आवाज येतो, थांबल्यावरचा नाहीच. आरतीने सकाळपर्यंत फोनशी झटापट केली तेव्हा कळलं. माणूस बोलायचा थांबला की मागची खुसपुस नको, म्हणून फोन आपल्या अकलेने ती कापून टाकतो. नेमकी शेपटीच कापत होता मेला! ती सोय तिने बंद केली. आता ऐकू येतंय. मी डोळे मिटून ऐकलं आणि सातातले पाच ओळखले. आयुष्यात पहिल्यांदा.

आणखी एक. खेळणारा चुकला की खोकड हसली पाहिजे. आरतीने हसून बघितलं, मी बघितलं, मनकर्णाबाईंनी बघितलं. कोणाचंच हसणं लागत नव्हतं. समोरच्याला एका क्षणात वेडा ठरवणारं हसणं हवं होतं. मग मला आठवलं, तसं हसणं आपल्याकडे आहे. साक्षगंधाच्या व्हिडिओत. आरतीने ते कापून घेतलं आणि खोकडीच्या तोंडात बसवलं. तुझी परवानगी मागितलेली नाही. तू माझा फोन घेताना कुठे मागितली होतीस? पाठवायच्या आधी हो किंवा नाही, एवढं केशवरावांना कळव. त्यांचा नंबर तू ब्लॉक केलेला नाहीस, मला माहीत आहे.

नवे दाणे आणले आहेत.

दुर्गा


साईनगर, अमरावती
९ सप्टेंबर २०२५

रुखे,

केशवरावांच्या फोनवर तुझं एका शब्दाचं उत्तर आलं होतं, "हसू दे." ते वाचून मी काय केलं, ते लिहीत नाही.

आज निकाल लागला.

रविवारी आमच्याकडे भुलाबाई बसली. आज संध्याकाळी गल्लीतल्या पोरी, त्यांच्या आया, मनकर्णाबाई, सगळ्या घरात जमल्या होत्या. गाणी चालू, टिपऱ्या चालू, आणि त्यातच पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. आरतीने कॉम्प्युटर भुलाबाईच्या पाटाशेजारीच ठेवला. दुसरीकडे जागाच नव्हती.

पडद्यावर मियाकेबाई, शेखर आणि कंपनीतले आणखी काही जण. या खेपेला खाऊ पाठवताना मी प्रत्येक झाकणावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'आधी हलवा!' आणि त्यांनी ऐकलं. मियाकेबाईंनी एकेक डबा हलवला, उघडला, चाखला. दाणा कसा, लाही कशी, बत्तासा कसा. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, म्हणून आधी ओळख करून घेतली. तिकडच्या कोल्ह्याला म्हणे सोयाबीनच्या दुधाचं पनीर तळून ठेवतात. मी म्हटलं, सोयाबीन आमच्याकडे दारापर्यंत आहे, पण आमच्या खोकडीला बोरं आवडतात. शेखरने ते सांगितल्यावर त्या हसल्या.

मग त्या खेळायला बसल्या. खोकड धुऱ्यावरून आली. काय देखणी केलीय पोरांनी, रुखे! मागे काळी जमीन, सूर्य कलता, आणि ती राखी खोकड डोकं तिरकं करून बघतेय. तिने डबा हलवला. मियाकेबाई घाईत म्हणाल्या, फुटाणे. होत्या खारका. आणि खोकड हसली.

तुझं हसणं, रुखे. माझ्या घरात, भुलाबाईसमोर. पोरी टिपऱ्या टाकून हसायला लागल्या, तिकडे पुण्याचं ऑफिस हसलं, मियाकेबाई कपाळाला हात लावून हसल्या. मीही हसले. त्या हसण्यावर हसायला मला चार महिने लागले.

दुसऱ्यांदा खोकडीने डबा हलवला तेव्हा बाईंनी घाई केली नाही. डोळे मिटले. पोरींना काय वाटलं कोण जाणे, त्याही गप्प झाल्या. डबा थांबला. आणि मागाहून एकदा, ठक.

बाईंनी डोळे उघडले आणि मराठीत म्हणाल्या, "खोबरं."

घरातल्या बायका अशा ओरडल्या की खालच्या मजल्यावरचे जानराव काठी घेऊन वर आले. मियाकेबाई उठून उभ्या राहिल्या आणि कमरेत वाकल्या. मला, रुखे. साईनगरातल्या रिटायर मास्तरणीला. शेखर म्हणाला, "काकू, दहावा कोल्हा तुमचा." अकरा शेपट्या गेल्या घरी!

मी रडले. भुलाबाईसमोर, पोरींसमोर, पुण्यासमोर रडले. लाज वाटली नाही.

मग शेखरने विचारलं, खोकडीखाली नाव काय घालायचं? मी सांगितलं, दुर्गा आणि रुख्मिणी, तिवसा. गाव मुद्दाम घातलं. शिकलो दोघी तिथेच. आरती म्हणाली, आई, एकदा त्यांना विचारा तरी. मी म्हटलं, ती नाही म्हणाली तर भांडायला तरी येईल.

पंचवीस तारखेपासून खोकड सगळ्यांच्या फोनवर येणार आहे. अकोल्यातही.

तुझी
ताई


जठारपेठ, अकोला
३० सप्टेंबर २०२५

ताई,

तुही सगळी पत्रं भेटली. उत्तर नाई लिवलं, कारण राग होता. अन् मंग राग गेला तरी काय लिवावं थे समजे ना.

पंचवीस तारखेले अमोलकडून गेम टाकून घेतला. तो म्हने, "आई, तू बी?" म्हटलं, गप बस अन् कसं धरतात थे दाखव. खोकड घरात काई निंगे ना. मंग शोधत शोधत चौकात गेली, तर थे रसवंतीच्या बाजूले उभी! म्या फोन वर धरला अन् कानाले लावला. पयल्या झटक्यात वयखलं, बत्तासे. जुने नोयते. आली न माह्या मांगं मांगं!

पन ताई, चौकातले पोट्टे मले पाहून राहिले होते. एक जन बोलला, "काकूले काय झालं?" अन् सगळे हसले. मी तशीच उभी राह्यली. हात खाली घेता येई ना अन् वर ठेवता येई ना. मले तवा समजलं, त्या दिवशी मांडवात तुले कसं वाटलं असन. मी चुकली, ताई. लय चुकली. मले माफ कर.

अन् मंग मी त्या पोट्ट्यायले म्हटलं, "हसता काहून रे? तुमच्या फोनमंधली खोकड पाहा, तिच्याखाली नाव वाचा." वाचलं त्यायनं. म्हटलं, थे दुर्गा माही बहीन होय, अन् थे रुख्मिणी म्हनजे मी. पोट्टे पायाच पडाले लागले. दुसऱ्या रोजी सगळ्या चौकात आमचंच नाव.

विहीणबाईनं बी गेम टाकला. तिले अजून एक बी खाऊ वयखता येत नाई. रोज फोन करून मले इचारते. मी सांगत नाई. म्हटलं, लग्नात आमची ताई येईन, तिले इचारा, थे मास्तरीण हाये, नीट शिकवन.

तुहा नंबर मी खुला केला. पन फोन लावू नको, रडू आलं तर बोलता येनार नाई.

सोमवारी कोजागिरी हाये. सकाळच्या गाडीनं मी बडनेऱ्याले उतरून राहिली. पत्रिका संगं आनतो, पयली तुले. भाऊजीले ठेसनावर पाठवू नको, लय झाली त्यायची धावपळ.

तू येजो.

रुख्मिणी